आवृत्तीची साक्ष : पोथीतील आणि भ्रमणध्वनीतील



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते ते आपले गुरुजी, वर्गात नवे पुस्तक आले की पहिला धडा उघडण्यापूर्वी शीर्षकपानामागचे पान उघडावयास लावीत. आवृत्ती कितवी, साल कोणते, पुस्तक सुधारलेले आहे की नुसते पुन्हा छापलेले, हे आधी वाचायचे आणि मगच पुढे जायचे, असा त्यांचा शिरस्ता होता. त्या वयात आम्हांला तो एक कंटाळवाणा उपचार वाटे. पुढे हस्तलिखितांच्या अभ्यासात माझी उमेदीची वर्षे गेली, तेव्हा त्या उपचाराचे मोल कळले. आणि अलीकडे, सत्तरी उलटल्यावर, हातातल्या भ्रमणध्वनीने तोच धडा मला पुन्हा एकदा, किंचित कठोरपणे, शिकविला.

आजचा विषय त्या धड्यातून निघाला आहे. अ‍ॅपची आवृत्ती म्हणजे काय, ती कोठे नोंदलेली असते, आणि ती वाचावी कशी, हे मी सांगणार आहे. मराठीच्या निवृत्त प्राध्यापकाने या प्रांतात शिरावे याचे आपणांपैकी काहींना नवल वाटेल. परंतु विषय ऐकून झाल्यावर, हा प्रांत आपल्याला वाटतो तितका परका नाही, असे आपणही म्हणाल अशी मला आशा आहे.

१. हयातीचा दाखला

निवृत्तिवेतन घेणाऱ्यांना दरवर्षी नोव्हेंबरात आपण हयात असल्याचा दाखला द्यावा लागतो. पूर्वी त्यासाठी कचेरीत जाऊन सही करावी लागे. आता घरबसल्या अ‍ॅपमधूनही तो देता येतो. मला ज्या कचेरीकडून वेतन मिळते तिचेही असे एक अ‍ॅप आहे. कचेरीचे नाव घेण्याचे येथे प्रयोजन नाही. मी अ‍ॅप उघडले, चेहऱ्याचे छायाचित्र काढले, 'सादर करा' हे बटण दाबले, आणि अ‍ॅप मुकाट्याने बंद पडले. दहा वेळा केले, दहा वेळा तेच.

मदतकेंद्राला फोन लावला. पलीकडच्या तरुणाने प्रथम विचारले, "आजोबा, अ‍ॅपची आवृत्ती कोणती?" मी 'माहिती' नावाचे पान उघडून वाचून दाखविले : २.४.०. तो म्हणाला, "ती जुनी झाली. हा दोष २.५.० मध्ये काढला आहे. अ‍ॅप अद्ययावत करा." मी प्ले स्टोअरमध्ये गेलो, तर तेथे 'अद्ययावत करा' असे बटणच नव्हते, फक्त 'उघडा' असे होते. पुन्हा फोन, पुन्हा तोच प्रश्न, पुन्हा तेच उत्तर. चार वेळा माझी तक्रार 'जुनी आवृत्ती' असा शेरा मारून बंद करण्यात आली. नोव्हेंबर संपला. पुढच्या महिन्याचे वेतन आले नाही. घरात पत्नीच्या औषधांचा खर्च दरमहा ठरलेला. तो थांबत नाही. अखेरीस मी काठी टेकीत कचेरीत जाऊन कागदावर सही करून आलो, तेव्हा वेतनाची गाठ सुटली. तक्रार मात्र तशीच राहिली, आणि माझ्यासारखे आणखी किती जण अडले असतील ही रुखरुखही.

पुढे आपल्या शाळेचा एक माजी विद्यार्थी भेटावयास आला. तो अशाच अ‍ॅपच्या आज्ञावली लिहितो. त्याने माझ्या 'माहिती' पानाकडे पाहिलेही नाही. भ्रमणध्वनीच्या सेटिंग्जमध्ये जाऊन, अ‍ॅपांच्या यादीतून ते अ‍ॅप निवडून, त्याने अगदी तळाची ओळ मला दाखविली. तेथे लिहिले होते : २.५.१. म्हणजे माझ्याकडे नवीच आवृत्ती होती. दोष वेगळाच होता आणि त्याच्याकडे कोणी पाहिलेच नव्हते. खरा आकडा कळविल्यावर तक्रार प्रथमच योग्य माणसाच्या हाती गेली आणि आठवड्याभरात दोष सापडला. जे अ‍ॅप मजकडे माझ्या हयातीचा पुरावा मागत होते, त्याला स्वतःचे वय मात्र खरे सांगता येत नव्हते!

मी विचारले, "मग त्या पानावर २.४.० कोठून आले?" तो म्हणाला, "सर, तो आकडा कोणीतरी हाताने लिहून ठेवला आहे. पुढची आवृत्ती काढताना तो बदलायला विसरले." हे ऐकताच मला एकदम ओळख पटली. माझ्या विद्याशाखेत या चुकीला फार जुना इतिहास आहे.

२. नकललेली पुष्पिका

पोथी लिहून संपली की लेखनिक शेवटी चार ओळी लिहीत असे. शक, संवत्सर, मास, तिथी आणि वार, गावाचे नाव, पोथी कोणासाठी लिहिली ते, आणि क्वचित स्वतःचे नाव. या समाप्तिलेखाला पुष्पिका म्हणतात. पोथीचा काळ ठरवू पाहणारा अभ्यासक प्रथम तिकडेच वळतो. आपल्या बडोद्याच्या प्राच्यविद्या मंदिराने वाल्मीकिरामायणाची चिकित्सित आवृत्ती १९६० ते १९७५ या काळात सात खंडांत प्रसिद्ध केली. अशा कामात प्रत्येक हस्तलिखिताला एक खूण देतात, त्याचा काळ आणि ठिकाण नोंदतात, आणि मगच त्यातील पाठ इतरांशी ताडून पाहतात. कोणती प्रत हाती आहे हे ठाऊक नसेल तर तिच्या पाठभेदाला अर्थ राहत नाही.

मराठीतील सर्वांत प्रसिद्ध उदाहरण ज्ञानेश्वरीचे. ग्रंथ शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० मध्ये सिद्ध झाला. पुढे जवळजवळ तीनशे वर्षांत नकला होत होत त्यात अशुद्धे शिरली. पैठणच्या एकनाथमहाराजांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ मध्ये पाठ शुद्ध केला आणि ग्रंथाच्या अखेरीस ओव्या घालून तसे नोंदविले : कोणी शुद्ध केला, केव्हा केला, का केला, आणि पुढच्यांनी त्यात आपली भर घालू नये हा इशारा. आजच्या भाषेत ही सुधारित आवृत्तीची घोषणाच होय, आणि तिच्यात घोषणेला लागते ते सारे आहे.

पण येथेच नवख्या अभ्यासकासाठी एक सापळा आहे. एकनाथी पाठाची शंभर-दीडशे वर्षांनंतर कोणी नक्कल केली, तर तो लेखनिक त्या अखेरच्या ओव्याही उतरून घेतो. ती नवी पोथीही शके १५०६ असेच सांगते. नवखा अभ्यासक तो आकडा वाचून हरखतो, आणि हातातली पोथी एकनाथांच्या काळची ठरवून मोकळा होतो. वस्तुतः तो आकडा पाठाच्या शुद्धीचा आहे, या पोथीचा नव्हे. पोथीचे वय तिच्या कागदात, शाईत, अक्षराच्या वळणात आणि लेखनिकाने स्वतः जोडलेल्या ओळीत असते. उतरून घेतलेला आकडा खोटा नसतो. तो दुसऱ्या कशाचा तरी असतो.

माझ्या अ‍ॅपच्या पानावरचे २.४.० नेमके असेच होते. ते एकेकाळी खरे होते. पुढच्या प्रतीत ते तसेच उतरले.

३. एक आज्ञावली, दोन घरे

ही चूक इतकी सहज का होते, हे समजण्यासाठी अ‍ॅप कसे तयार होते ते थोडे पाहिले पाहिजे. आज बहुतेक भ्रमणध्वनी दोन घराण्यांत विभागलेले आहेत : गूगलचे अँड्रॉइड आणि अ‍ॅपलचे आयओएस. दोघांची भाषा, रीती आणि नोंदवह्या निराळ्या. एकच अ‍ॅप दोन्हींकडे चालवायचे तर पूर्वी ते दोनदा लिहावे लागे. हा दुहेरी खर्च वाचविण्यासाठी अशी साधने निघाली, की ज्यांत आज्ञावली एकदाच लिहावी आणि ती दोन्ही घरांत नांदावी. फेसबुकने २०१५ मध्ये रिअ‍ॅक्ट नेटिव्ह खुले केले. गूगलच्या फ्लटरची पहिली स्थिर आवृत्ती डिसेंबर २०१८ मध्ये आली. मायक्रोसॉफ्टने झॅमरिनच्या जागी २०२२ मध्ये डॉटनेट माउई आणले आणि १ मे २०२४ रोजी झॅमरिनचा आधार थांबविला.

आज्ञावली एक झाली, तरी नोंदवह्या दोनच राहिल्या. अँड्रॉइडमध्ये आवृत्ती 'मॅनिफेस्ट' नावाच्या नोंदपत्रात असते. तेथे 'व्हर्जन नेम' आणि 'व्हर्जन कोड' अशी दोन घरे भरलेली असतात. आयओएसमध्ये ती 'इन्फो पीलिस्ट' नावाच्या नोंदपत्रात असते. तेथे हीच दोन घरे निराळ्या आणि उच्चारताना दम लागेल इतक्या लांब नावांनी असतात. अ‍ॅप बांधून तयार होते तेव्हा हे नोंदपत्र त्याच्या पोटात शिवले जाते. छापलेल्या पुस्तकात शीर्षकपानामागचे पान बांधणीतच येते, तसे.

आता एकदाच आज्ञावली लिहिणाऱ्यापुढे प्रश्न येतो. 'माहिती' पानावर आवृत्ती दाखवायची आहे. पण ती विचारायची कोणाला? अँड्रॉइडला विचारण्याची रीत एक, आयओएसला विचारण्याची दुसरी. सोपा मार्ग मोह घालतो : आकडा सरळ पानावरच लिहून टाकावा. पहिल्या दिवशी तो खरा असतो, आणि म्हणूनच चूक दिसत नाही.

योग्य मार्गही फारसा अवघड नाही. या दोन रीतींमध्ये दुभाष्याचे काम करणारी साधने तयार आहेत. फ्लटरमध्ये 'पॅकेज इन्फो प्लस' नावाची जोडणी आहे. तिला विचारले की ती ज्या घरात असेल त्या घराचे नोंदपत्र उघडून आवृत्ती आणि बांधणीचा क्रमांक आणून देते. रिअ‍ॅक्ट नेटिव्हमध्ये हे काम 'डिव्हाइस इन्फो' नावाचा संच करतो. माउईमध्ये 'अ‍ॅप इन्फो' नावाची सोय मुळातच दिलेली आहे. तिघांचे तत्त्व एक : लेखकाला काय आठवते ते विचारू नका, बांधलेल्या प्रतीला विचारा.

एक बारकावा मात्र ध्यानात ठेवावा लागतो. फ्लटरमध्ये हा प्रश्न म्हणजे पत्र टाकण्यासारखे आहे. उत्तर तत्क्षणी येत नाही, क्षणभराने येते. पान त्याआधीच रंगविले तर आवृत्तीची जागा रिकामी दिसते. ती रिकामी जागा भरण्यासाठी कोणी तेथे तात्पुरता आकडा लिहिला, की जुनी चूक मागच्या दाराने आत येते. जागा क्षणभर रिकामी राहिलेली बरी.

दुसरा बारकावा याहून महत्त्वाचा. फ्लटरमध्ये आवृत्ती 'पबस्पेक' नावाच्या पत्रकात लिहितात, उदाहरणार्थ २.५.१+४७, अधिक चिन्हाच्या आधी आवृत्तीचे नाव, नंतर बांधणीचा क्रमांक. सामान्यतः हेच आकडे दोन्ही घरांच्या नोंदपत्रांत जातात. परंतु बांधणी करताना वेगळे आकडे आज्ञेतून देण्याचीही मुभा आहे, आणि तसे दिले तर पत्रक एक सांगते व बांधलेले अ‍ॅप दुसरे. रिअ‍ॅक्ट नेटिव्हमध्ये प्रकल्पाच्या 'पॅकेज' पत्रकातही एक आवृत्ती असते. पण ती दोन्ही घरांच्या नोंदपत्रांत आपोआप जात नाही. तेथून आकडा उचलणे म्हणजे लेखकाच्या कच्च्या खर्ड्यावरून छापील पुस्तकाची आवृत्ती ठरविणे. खर्डा कितीही विश्वासू असो, वाचकाच्या हाती पुस्तक आहे.

४. नाव आणि क्रमांक

आवृत्तीची दोन घरे का असतात, असे आपण विचाराल. ग्रंथालयात जाणाऱ्याला हे समजणे सोपे आहे. पुस्तकावर 'तिसरी आवृत्ती' असे छापलेले असते, ते वाचकासाठी. त्याच पुस्तकावर ग्रंथपालाने शाईने दाखल क्रमांक घातलेला असतो; तो ग्रंथालयासाठी. दाखल क्रमांक कशाचेही वर्णन करीत नाही, तो फक्त एकेकाने वाढत जातो. त्याचा उपयोग एवढाच, की आधीचे कोणते आणि नंतरचे कोणते याचा वाद राहू नये.

अँड्रॉइडमधील 'व्हर्जन नेम' माणसांसाठी आहे. त्यात काहीही लिहिता येते. 'व्हर्जन कोड' यंत्रासाठी आहे. तो पूर्णांकच असावा लागतो. प्ले स्टोअरवर तो दर नव्या प्रतीला वाढवावा लागतो आणि २१० कोटींच्या वर नेता येत नाही. मोठा क्रमांक बसलेला असताना लहान क्रमांकाची प्रत त्यावर बसविण्यास भ्रमणध्वनी सामान्यतः नकार देतो. अ‍ॅपलच्या घरी रीत थोडी वेगळी : आयओएसमध्ये आवृत्तीचे नाव बदलले की बांधणीची मोजणी पुन्हा आरंभता येते. म्हणून एकाच अ‍ॅपचे बांधणी-क्रमांक दोन घरांत भिन्न असू शकतात, आणि तक्रार नोंदविताना नाव, क्रमांक आणि घर हे तिन्ही सांगणे भाग पडते.

नावातील तीन आकड्यांनाही एक संकेत आहे. जुनी व्यवस्था मोडणारा बदल झाला की पहिला आकडा वाढतो. जुने तसेच ठेवून नवी भर घातली की दुसरा. नुसती चूक सुधारली की तिसरा. मराठी प्रकाशनव्यवहारात नवी आवृत्ती, सुधारून वाढविलेली आवृत्ती आणि पुनर्मुद्रण यांची जी सरमिसळ होते, ती टाळण्याचाच हा प्रयत्न आहे. संकेत पाळणे लेखकाच्या सचोटीवर अवलंबून असते, हे दोन्हीकडे सारखेच.

५. नऊनंतर दहा

आकडा मिळाला, आता तो वाचायचा. २.९ मोठी की २.१०? शाळेत दशांश अपूर्णांक शिकलेला मुलगा चटकन सांगेल, २.९ मोठी. येथे ते चूक आहे. हा बिंदू दशांशाचा नाही. गीतेच्या दुसऱ्या अध्यायाचा नववा श्लोक आणि दहावा श्लोक आपण २.९ आणि २.१० असे लिहितो. दहावा श्लोक नवव्याच्या आधी येतो असे कोणी म्हणत नाही. आवृत्ती तशीच वाचावी. प्रत्येक बिंदूपाशी थांबावे, आणि तुकडे स्वतंत्र संख्या म्हणून ताडून पाहावेत.

यंत्राला हे सांगावे लागते. आकड्यांकडे तो अक्षरे म्हणून पाहू लागला, तर शब्दकोशाच्या क्रमाने १ हे ९ च्या आधी येते, म्हणून १० ही संख्याही ९ च्या आधी लावतो. मग अ‍ॅप दहाव्या सुधारणेला जुनी समजते आणि वापरणाऱ्याला, जे त्याच्याकडे आधीच आहे तेच घेण्याचा आग्रह करीत राहते. पहिल्या नऊ सुधारणांपर्यंत हा दोष लपून राहतो, म्हणून अधिकच फसवा.

अपवादही आहेत, आणि ते रम्य आहेत. मुद्रणासाठी टेक् नावाची प्रणाली रचणाऱ्या डोनाल्ड नूथ यांनी तिची आवृत्ती वर्तुळाच्या परिघाच्या आणि व्यासाच्या गुणोत्तराकडे सरकत नेली : दर सुधारणेला एक अंक अधिक. २०२१ मध्ये ती ३.१४१५९२६५३ येथे पोचली. येथे बिंदू खरोखरच दशांशाचा आहे. आपल्यानंतर आवृत्तीला ते गुणोत्तरच नाव म्हणून द्यावे आणि उरलेले दोष हीच वैशिष्ट्ये मानावीत, असे त्यांनी सांगून ठेवले आहे. पोथीची कालगणना शकाची की संवताची हे जसे पोथीकडूनच कळते, तसा आवृत्तीचा संकेतही ज्याचा त्याचा समजून घ्यावा लागतो.

६. समारोप

आता आपणांपैकी प्रत्येकाच्या उपयोगाचे थोडेसे. अ‍ॅप अडले आणि आवृत्ती विचारली गेली, तर अ‍ॅपच्या आतील पानावर एकट्यावर विसंबू नका. अँड्रॉइडमध्ये सेटिंग्जमधील अ‍ॅपांच्या यादीत ते अ‍ॅप उघडून तळाशी पाहा. आयफोनमध्ये सेटिंग्जमधील 'जनरल' या भागात साठ्याची यादी असते. तेथे अ‍ॅपच्या नावाखाली आवृत्ती दिसते. दोन आकडे जुळले नाहीत तर दोन्ही सांगा. ती विसंगतीच दोषाचा पहिला पुरावा असते.

आपल्या शाळेचे जे विद्यार्थी आज अशा आज्ञावली लिहितात, त्यांना एका म्हाताऱ्या शिक्षकाची विनंती. आवृत्ती एकाच ठिकाणी लिहा आणि बाकी सर्वत्र ती वाचा. वाचाल ती बांधलेल्या प्रतीतून वाचा. 'माहिती' पानावर नावाबरोबर बांधणीचा क्रमांकही द्या, आणि तो बोटाने दाबून उतरून घेता येईल असे करा. कारण पलीकडे चष्मा शोधणारा एखादा वृद्ध असेल. मदतकेंद्राकडे जाणाऱ्या तक्रारीत हे आकडे अ‍ॅपनेच जोडावेत, माणसाच्या वाचनावर सोडू नयेत. आणि पान तयार झाल्यावर एकदा आवृत्ती बदलून, अ‍ॅप पुन्हा बांधून, आकडा खरोखर बदलतो का ते पाहा. एवढ्या एका परीक्षेने माझे चार फोन आणि कोणाचे तरी एका महिन्याचे वेतन वाचले असते.

मदतकेंद्रातील त्या तरुणाचा मला राग नाही. त्याच्यापुढे मी वाचून दाखविलेला आकडा होता आणि त्याने त्यावर विश्वास ठेवला. तो आकडा मीही विश्वासानेच वाचला होता. आम्हां दोघांमध्ये खोटे कोणीच बोलले नाही, तरी सत्य दोघांनाही मिळाले नाही. कारण साक्षीदाराच्या ऐवजी आम्ही त्याच्या जुन्या जबानीची नक्कल ऐकत होतो.

गुरुजी शीर्षकपानामागचे पान उघडावयास लावीत, ते यासाठीच. दुकानदार काय म्हणाला, मागच्या वर्गातील मुलाने काय सांगितले, हे त्यांना पुरेसे वाटत नसे. पुस्तक हातात आहे ना? मग पुस्तकालाच विचारा, असे ते म्हणत. त्यांच्या स्मृतीस वंदन करून मी माझे भाषण पुरे करतो.